लांबचा पक्षी, आखूड खिसा

देवळाली प्रवऱ्यातल्या एका फोटो स्टुडिओत दिवाळीच्या सुट्टीपासून मामा-भाचीचा वाद चालू आहे. मामा स्टुडिओचे मालक. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो आणि शाळांचे ग्रुपफोटो यात त्यांची हयात गेली. भाची राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात शिकते. तिच्याकडे कॅनन २००डी आहे, सोबत १८-५५ आणि ५५-२५० या दोन लेन्स. आपल्याकडे नवशिक्यांच्या पदरी बहुधा हाच संच पडतो. तिला पक्ष्यांचे फोटो काढायचेत आणि २५० चा पल्ला पुरत नाही. पुढे काय घ्यायचं, मुळात काही घ्यायचं का, यावर दोघांचं जमत नाही. मी शेजारी, चहाच्या निमित्ताने ऐकायला असतो. खिसा बेताचा असलेल्या कुणालाही उपयोगी पडेल असं त्यात बरंच आहे, म्हणून थोडं निवडून इथे देतो. मध्येमध्ये माझं तोंड चालतंच.

भाची — मामा, कालव्याजवळच्या तारेवर रोज कापशी घार बसते. तीस मीटरवरून काढते मी. फोटोत एवढीशी येते आणि मोठी करायला गेलं की पिसं फुटतात. मला सहाशेची लेन्स पाहिजे. सिग्मा नाहीतर टॅमरॉन, १५०-६००. हप्त्यावर मिळते.

मामा — कितीला?

भाची — नवी लाखाच्या घरात.

मामा — दाजींच्या उसाचं पेमेंट अजून जमा नाही आणि तू लाखाच्या गोष्टी करते. घार केवढी असते गं?

भाची — फूटभर. तीस सेंटिमीटर धरा.

मामा — मग बारा मीटरवर जा. फुकटात मोठी होईल.

उत्तर उडवाउडवीचं वाटतं, पण गणित मामांच्या बाजूचं आहे. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सची फोकल लेंग्थ, भागिले अंतर. सेन्सरवर पक्षी एवढा उमटतो. तीस मीटरवरची फूटभर घार २५० च्या लेन्सने अडीच मिलिमीटर उमटते. या कॅमेऱ्याचा सेन्सर सव्वाबावीस मिलिमीटर रुंद आणि त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे घारीच्या वाट्याला साधारण ६७० पिक्सेल येतात. तिथेच उभं राहून ६०० ची लेन्स लावली तर सहा मिलिमीटर, सोळाशे पिक्सेल. आणि २५० चीच लेन्स घेऊन साडेबारा मीटरवर गेलं तरी तेवढेच सोळाशे. लाखाच्या लेन्सने जे दिलं ते साडेसतरा मीटर पुढे सरकून मिळालं. फरक एवढाच की लेन्स दुकानात मिळते आणि हे साडेसतरा मीटर घारीकडून मिळवावे लागतात.

भाची — तुम्ही म्हणता बारा मीटर. मी वीसवर पोचले की ती उडते.

मामा — चालत जाते ना? माणूस चालत आला की उडणारच. नांगरट चालू असते तेव्हा ट्रॅक्टरच्या मागे बगळे बघ. हाताने धरावेत इतके जवळ. कोतवाल तर नांगराच्या फाळापुढचे किडे उचलतो. त्यांना ट्रॅक्टरची भीती नाही, ट्रॅक्टरवरून खाली उतरणाऱ्या माणसाची आहे. दाजींकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्यावर बस.

भाची — ट्रॅक्टरवर बसून फोटो काढायचा? इंजिन चालू असताना कॅमेरा थरथरतो.

मामा — मग बंद कर. पण उतरू नको.

मामांना ठाऊक नसेल, पण पक्ष्यांच्या फोटोग्राफीची सुरुवातच या युक्तीने झाली आहे. इंग्लंडातले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे शेतकऱ्याघरचे भाऊ. १८९५ साली पक्ष्यांच्या घरट्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं, त्यातले सगळे फोटो प्रत्यक्ष रानात काढलेले होते. त्या काळी लांब पल्ल्याची सोय जवळपास नव्हतीच. मग त्यांनी बैलाचं कातडं उभं केलं, आतून पोकळ ठेवलं आणि कॅमेरा घेऊन त्यात शिरले. बैल चरतोय असं समजून पक्षी आपले निवांत. आत ताटकळून एकदा रिचर्डना भोवळ आली आणि बैल त्यांच्यासकट उलटला. चेरींनी आधी त्याचा फोटो काढला, असं सांगतात. धाकट्या भावांची जात सगळीकडे सारखीच.

आपल्याकडे बैलाचं काम चारचाकी करते. रस्त्याकडेच्या तारेवरची कापशी घार, नीलपंख, वेडा राघू किंवा खंड्या गाडी हळू येऊन हळूच थांबली तर बहुधा बसून राहतात. गचकन ब्रेक मारला, दार उघडलं किंवा काचेतून हात बाहेर काढला की उडाले. काच आधीच खाली करून ठेवायची, इंजिन बंद करायचं आणि लेन्स दाराच्या कडेवर टेकवायची. टेकवण्यासाठी मधे एक पिशवी लागते. विकतही मिळते, पण जुन्या जीन्सचा पाय कापून, दोन्ही तोंडं शिवून आत धान्य भरलं की काम झालं. काय भरायचं यावर स्टुडिओत अर्धा चहा गेला.

मामा — ज्वारी भर. घरात आहे.

भाची — ज्वारीला किडे लागतील. सोयाबीन घरंगळतं, लेन्स सरकते. बाजरी भरते. बारीक असते, लेन्सच्या आकाराला बसते. वर्षातून एकदा बदलायची, जुनी पाखरांना टाकायची.

मामा — हे बरं शिकवतात विद्यापीठात.

पिशवी चेष्टेवारी नेऊ नये. लांब लेन्सने काढलेले बहुतेक फोटो पल्ला कमी पडला म्हणून नव्हे, हात हलला म्हणून वाया जातात. २५० ची लेन्स या कॅमेऱ्यावर ४०० सारखी वागते, कारण सेन्सर लहान आहे आणि कॅननच्या बाबतीत हा हिशोब १.६ पटीचा असतो. म्हणजे हातात धरून काढायचं तर सेकंदाच्या चारशेव्या भागापेक्षा शटर हळू ठेवू नये. लेन्समधलं स्थिरीकरण मदत करतं, पण ते आपला हात सांभाळतं. मान वळवणारा पक्षी सांभाळत नाही. पिशवीवर टेकवलेली २५० हातातल्या डुगडुगत्या ६०० पेक्षा जास्त बारकावा देते. हे मी बाजरीच्या बाजूने बोलत नाही, दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवून पाहिले आहेत.

इथवर मामांचं पारडं जड. पण पुढे त्यांनी भाचीला लपण बांधून देतो म्हटलं आणि तिथे वाद वेगळ्या वळणावर गेला.

मामा — कृषी सेवा केंद्रातून हिरवी शेडनेट आण चार मीटर. चार बांबू रोव. उसाच्या कडेला चारीचं पाणी पाझरतं ना, तिथे पहाटे जाऊन बस. उजाडायच्या आत बसलीस तर पक्ष्यांना कळणारही नाही की आत कुणी आहे. वंचक येईल, तुतवार येईल, धोबी तर पायाजवळ.

भाची — आणि बिबट्या?

मामा गप्प झाले. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्या असणं ही आता बातमी राहिलेली नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. प्रवरेचे कालवे आले, ऊस आला, कारखाने आले आणि बिबट्याला बारमाही आडोसा मिळाला. वाकलेला किंवा खाली बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, म्हणून उसाकडेला तसं बसू नका असं सांगितलं जातं. आणि पक्ष्यांसाठी लपून बसणं म्हणजे नेमकं तेच, तेही पहाटे, एकटीने, उसाच्या कडेला. परदेशी पुस्तकांतल्या लपणाच्या युक्त्या आपल्या तालुक्यात आणताना हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. शेडनेट लावायची तर उसापासून लांब, मोकळ्या माळावरच्या पाझर तलावाकडे लावावी, चांगलं उजाडल्यावर जावं आणि सोबत कुणीतरी असावं. नाहीतर सरळ गाडीत बसावं. जवळ जाणं फुकट असतं हे मामांचं म्हणणं त्यामुळे अर्धंच खरं ठरतं. इथे त्याची किंमत पैशात मोजत नाहीत इतकंच.

भाचीने दुसरा मुद्दा काढला, तोही मला पटला. जवळ जाण्याचा मोह घरट्यापाशी येऊन थांबतो. टिटवीची अंडी उघड्या माळावर असतात. माणूस जवळ रेंगाळला की टिटवी उठते आणि अंडी उन्हात भाजतात. म्हणूनच पक्षी-फोटोंच्या पुष्कळ स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो घेत नाहीत. साधन नसलं की माणूस पक्ष्याला जास्त सतावतो, आणि लांबची लेन्स निदान एवढं पाप टाळते, असं तिचं म्हणणं. मामांनी यावर वाद घातला नाही. पण हार मानतील तर मामा कसले? पुढच्या वेळी त्यांनी स्वस्तातला तोडगा आणला.

मामा — कन्व्हर्टर घे. दोनपटीचा. लेन्सच्या आणि कॅमेऱ्याच्या मधे लावायचा, अडीचशेचे पाचशे. लाखाच्या जागी काही हजारांत काम.

भाची — आणि प्रकाश?

मामा — थोडा कमी होतो.

भाची — थोडा नाही मामा, चौथाई उरतो. माझी लेन्स २५० ला एफ ५.६ आहे, ती एफ ११ होईल. दीडपटीच्या जवळचा, १.४ वाला घेतला तरी प्रकाश निम्मा, एफ ८. व्ह्यूफाइंडरमधून पाहताना माझ्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंत भरवशाचा, पुढे शोधत बसतो. आणि कॅननचा स्वतःचा एक्स्टेंडर या लेन्सला बसतच नाही. त्याची पुढची काच बाहेर आलेली असते, ती माझ्या लेन्सच्या मागच्या काचेवर आपटेल. दुसऱ्या कंपनीचा बसेल, पण माझ्या लेन्समध्ये मुळात जेवढा बारकावा आहे तेवढाच ताणून मोठा होणार.

मामा — मग विकतात कशाला?

भाची — तीनशे एफ २.८ वाल्यांसाठी.

हे तिने अगदी बरोबर सांगितलं. कन्व्हर्टर चांगल्या लेन्सचा चांगुलपणा पुढे नेतो. साध्या लेन्सचे दोषही तितकेच पुढे नेतो. मोठ्या तोंडाच्या, महागड्या लेन्सवर १.४ चा कन्व्हर्टर लावणं हा शहाणा व्यवहार आहे. पण ज्याच्याकडे तशी लेन्स आहे तो स्वस्तातले उपाय शोधत नसतो. किट लेन्सवर दोनपटीचा कन्व्हर्टर लावण्यापेक्षा फोटो संगणकावर मधोमध कापावा. २४ मेगापिक्सेलच्या फोटोचा मधला अर्धा-अर्धा भाग कापला तर ३००० बाय २००० चा तुकडा उरतो, सहा मेगापिक्सेल. पल्ला दुप्पट झाला आणि प्रकाश तसूभरही गेला नाही. फोनवर, टीव्हीवर पाहायला तो पुरेसा, आणि दहा बाय साडेसहा इंचाची उत्तम प्रिंट निघते, हे मामा स्वतः रोज करतात. मामांना यातलं आवडलं ते शेवटचंच.

भाचीने इथे विचारलं, की ६०० च्या लेन्सही एफ ६.३ च्याच आहेत, मग त्या २००डीवर कशा चालतात? उत्तर गमतीचं आहे. सिग्मा आणि टॅमरॉन कॅननसाठी या लेन्स बनवतात तेव्हा त्या कॅमेऱ्याला आपण ५.६ असल्याचं कळवतात. कॅमेरा विश्वास ठेवतो आणि कामाला लागतो. थोडक्यात, थाप मारून काम होतं. पण उजेड कमी असला की थाप उघडी पडते.

मग मामांनी कपाटाच्या वरच्या खणातून एक जाडजूड, आखूड नळकांडं काढलं. मुंबईच्या चोरबाजारातून कधीकाळी आणलेली रशियन आरशाची लेन्स, ५०० ची, एफ ८. आत भिंगांबरोबर दोन आरसे असतात. प्रकाश मागे जाऊन पुढे आणि पुन्हा मागे असा दुमडला जातो, म्हणून पाचशेची असूनही लांबीला आखूड. मागे जुन्या झेनिट कॅमेऱ्याला बसणारे आटे, ४२ मिलिमीटरचे.

मामा — ही घे. फुकट. आता बोल.

भाची — बसेल?

बसली. आणि हा योगायोग नाही. लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचं अंतर या आट्यांच्या कॅमेऱ्यांत साडेपंचेचाळीस मिलिमीटर असतं आणि कॅननच्या डीएसएलआरमध्ये ४४. दीड मिलिमीटर शिल्लक राहतं, तेवढ्यात स्वस्तातली पितळी किंवा अॅल्युमिनियमची रिंग मावते आणि लांबचंही स्पष्ट दिसतं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते अंतर साडेशेहेचाळीस आहे. तिथे हीच लेन्स लावली तर दूरचं काही फोकसमध्ये येत नाही, किंवा मधे भिंग असलेली रिंग घ्यावी लागते आणि चित्र मलूल होतं. ज्यांच्याकडे आरसा नसलेले नवे कॅमेरे आहेत त्यांना ही अडचण नाही. सोनीच्या त्या कॅमेऱ्यांत हे अंतर फक्त १८ मिलिमीटर असतं, त्यामुळे जवळजवळ कुठलीही जुनी लेन्स रिंगने बसवता येते. घरात आजोबांची लेन्स पडून असेल तर कॅमेरा घेताना हे पाहावं.

आता फोटोचं. भाचीने ती लेन्स कालव्याच्या कठड्यावर बाजरीच्या पिशवीत रुतवली आणि काठावर निश्चल बसलेल्या वंचकावर रोखली. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर चित्र दहापट मोठं करून, हाताने फोकस फिरवून. वंचक हा यासाठी आदर्श गिऱ्हाईक, कारण तो मासा येईपर्यंत हलत नाही. फोटोत त्याच्या गळ्यावरच्या तपकिरी रेषा एकेक सुट्या दिसल्या. पण मागच्या पाण्यावर जिथे जिथे ऊन चमकलं होतं तिथे तिथे मेदूवड्यासारखी भोकाची वर्तुळं उमटली. पुढच्या काचेच्या मधोमध आरसा असतो, त्याची ही छाप. एफ ८ पक्कं, कमी-जास्त होत नाही. मग बाजूलाच एक वेडा राघू उडून किडा धरून परत तारेवर आला आणि भाचीच्या हातून काहीच झालं नाही. फोकसची रिंग फिरवेपर्यंत किडा गिळून झाला होता.

भाची — बसलेल्याला ठीक. उडत्याला नाही.

मामा — मी लग्नात नवरीच्या डोळ्यातलं पाणी हाताने फोकस करून काढलंय.

भाची — नवरी तारेवरून उडत नव्हती.

माझ्या मते ती लेन्स फेकू नये. पौर्णिमेच्या चंद्रासाठी, सकाळच्या उन्हात स्थिर बसणाऱ्या बगळ्यांसाठी आणि हाताने फोकस करण्याची सवय लागावी म्हणून ती उत्तम आहे. चंद्राचं चित्र सेन्सरवर लेन्सच्या फोकल लेंग्थच्या एकशेदहाव्या भागाएवढं उमटतं. ५०० ला साडेचार मिलिमीटर होतं, खड्डे मोजता येतात. पक्ष्यांसाठी मात्र ही फुकट असेल तरच घ्यावी. हल्ली जुन्या लेन्सचे हौशी लोक वाटेल ते भाव देतात.

काटकसरीने चांगलं काम होत नाही असं भाची म्हणाली तेव्हा मी तिला मद्रासच्या एम. कृष्णन यांचं सांगितलं. निसर्गावर लिहिणारा मोठा माणूस, १९७० साली पद्मश्री. वेगवेगळ्या ठिकाणचे भाग जोडून त्यांनी स्वतःसाठी एक धूड कॅमेरा तयार केला होता आणि त्याला ‘सुपर पॉन्डेरोसा’ असं नाव ठेवलं होतं. हत्तींचे त्यांनी काढलेले कृष्णधवल फोटो आजही पाहावेत. भाची म्हणाली, हत्ती मोठा असतो. तेही खरंच.

यानंतर तिने ब्रिज कॅमेऱ्याचा, म्हणजे न बदलणाऱ्या लांब झूमच्या कॅमेऱ्याचा, विषय काढला. निकॉनचा पी९०० २०१५ साली आला, त्यावर २००० मिलिमीटरचा दावा. पुढे २०१८ मध्ये पी१००० आला, तो ३००० चा. जुना वापरलेला पी९०० तर १५०-६०० च्या मानाने बराच स्वस्त पडतो. मामांनी पी९०० हातात घेतला, लेन्सच्या कडेवरचं बारीक लिखाण वाचलं आणि हसले. तिथे ४.३ ते ३५७ मिलिमीटर लिहिलं होतं. खरी लेन्स ३५७ चीच. सेन्सर सहा मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे २००डीच्या सेन्सरच्या क्षेत्रफळाच्या बाराव्या भागाएवढा, म्हणून ती मोठ्या कॅमेऱ्यावरच्या २००० सारखी भासते.

मामा — म्हणजे फसवणूक.

भाची — फसवणूक नाही. पिक्सेल बारीक आहेत, उन्हात तीस मीटरवरची घार माझ्यापेक्षा चौपट पिक्सेलमध्ये येते. मी मोजलं.

दोघंही बरोबर. भर उजेडात पी९०० चमत्कार दाखवतो. पण सकाळी साडेसहाला, उसावर धुकं असताना, त्या चिमुकल्या सेन्सरवर दाणेदार लगदा उतरतो आणि उडत्या पक्ष्यामागे तो धावू शकत नाही. ज्याच्याकडे कुठलाच कॅमेरा नाही आणि पक्षी ओळखण्यापुरते फोटो हवेत, त्याने दुसरं काही न बघता वापरलेला ब्रिज कॅमेरा घ्यावा. ज्याच्याकडे डीएसएलआर आहे त्याने तो विकून हा घेऊ नये. दुर्बिणीला फोन लावण्याचंही हल्ली बरंच चाललंय, त्याचा हिशोब पटकन होतो. आठपट दुर्बीण आणि फोनची २६ ची लेन्स, गुणाकार २०८. भाचीच्या किट लेन्सने ४०० आधीच मिळतात. तीसपटीचा स्पॉटिंग स्कोप असेल तर गोष्ट वेगळी, पण तो स्वस्त नाही.

पल्ल्याबद्दल सगळे बोलतात, हवेबद्दल कुणी बोलत नाही. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. काळी जमीन दहा वाजता तापते आणि वरची हवा थरथरू लागते. भर दुपारी डांबरी रस्त्यावर पाणी दिसतं त्याच्या मुळाशी हीच तापलेली हवा. शंभर मीटरवरचा पक्षी त्या हवेतून पाहिला की ६०० ची लेन्स असो की १२०० ची, कडा वितळलेल्याच येतात, आणि लेन्स जितकी लांब तितक्या जास्त. मग लोक म्हणतात लेन्स मऊ आहे. लेन्स ठीक असते, वेळ चुकीची असते. मार्चनंतर इथे साडेनऊच्या पुढे लांबचा फोटो काढण्यात अर्थ नसतो, आणि जवळचा काढायला २५० पुरते.

शेवटी भाचीने जे विचारलं त्यावर मामांना उत्तर नव्हतं.

भाची — तार, माळ, कालवा इथवर ठीक आहे मामा. नाथसागराचं काय? तिथे पाण्यात चालत जाऊ?

जायकवाडीच्या नाथसागराचं एक टोक आपल्याच जिल्ह्यात, नेवासे-शेवगावकडे आहे. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक उतरतात. कधी रोहितही असतात. तिकडे निफाडजवळचं नांदूर मध्यमेश्वर, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. दोन्हीकडे पक्षी पाण्यात आणि आपण काठावर. मधलं अंतर पायांनी कमी होत नाही, होऊही नये. इथे मामांचं शास्त्र संपतं आणि लांब लेन्स ही चैन राहत नाही.

पण अशा ठिकाणी वर्षातून जाणार किती? दोन-तीनदा. त्यासाठी लेन्स विकत घेण्याची गरज नाही. पुण्या-मुंबईत १५०-६०० दिवसाच्या भाड्याने मिळते, ओळखपत्र आणि अनामत ठेवून. चौघांनी मिळून एक घेतली तर भाडं डिझेलच्या खर्चाहून कमी पडतं. शिवाय दोन किलोची लेन्स दिवसभर गळ्यात वागवली की ती आपल्याला खरंच हवी आहे का, हे मान आपोआप सांगते.

आणि विकत घ्यायचीच तर वापरलेली. इथे मामांसारखा सल्लागार मिळणार नाही, कारण त्यांनी आयुष्यभर फंगसशी कुस्ती केली आहे. त्यांनी भाचीला दाखवलेली पद्धत अशी. दोन्ही टोपणं काढून लेन्स अंधाऱ्या खोलीत न्यायची, मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरायचा आणि पुढून पाहायचं. धुळीचे चार कण दिसले तर सोडून द्यावं, त्यांचा फोटोवर परिणाम होत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे काचेच्या कडेकडून आत आलेले दिसले तर लेन्स परत द्यावी, कितीही स्वस्त असो. काढला तरी फंगस काचेवरचा थर खाऊन गेलेला असतो. छिद्राची पाती तेलाने चमकतात का, झूमची नळी तोंड खाली केल्यावर स्वतःच घसरते का, फोकसची मोटर करकरते का, हे पाहावं. मग आपल्याच कॅमेऱ्यावर लावून लांबच्या पाटीचा फोटो काढावा, चारही कोपरे मोठे करून. ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवणाऱ्याला मामा गिऱ्हाईक म्हणत नाहीत, दाता म्हणतात. घरी आणल्यावर हवाबंद डबा आणि सिलिका जेल, पावसाळ्यात विसरायचं नाही.

दोघांनी माझं मत विचारलं तेव्हा मी असं सांगितलं. हा हिवाळा आहे त्याच २५० वर काढ, गाडीतून, बाजरीच्या पिशवीवर, सकाळी साडेनऊच्या आत. डिसेंबर-जानेवारीत नाथसागराला जाताना मैत्रिणींबरोबर १५०-६०० भाड्याने आण. त्यानंतरही रोज तिची आठवण येत असेल तर वापरलेली घे. किंवा कॅननची जुनी ४०० एफ ५.६ बघ, तिच्यात स्थिरीकरण नाही, पण सव्वा किलोची आहे आणि उडत्या पक्ष्यासाठी आजही झकास. कन्व्हर्टरला हात लावू नको. मामांना ४०० पटली नाही, त्यांना झूम हवा. भाचीला भाड्याची कल्पना पटली आणि तिने तिथेच मैत्रिणींचा ग्रुप उघडला. हप्त्यांचा विषय तूर्त मागे पडला आहे. दाजींच्या उसाचं पेमेंट आल्यावर तो पुन्हा निघेल हे मात्र नक्की.